एकच पीस

गाडी तेजश्रीच्या दारापर्यंत आलीच नाही. कापडे गावात शिरताना पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं आणि विनीतचा जीव खालीवर झाला. शेवटी मारुतीच्या देवळापाशी गाडी लावून तो उतरला. त्याच्या वडिलांना, कुशाबांना मात्र उतरता येईना. गुडघे हनुवटीला लावून बसलेल्या म्हाताऱ्याला दोघातिघांनी धरून उपसून काढावं लागलं. मुलगी बघायला आलेल्या मंडळींची ही ऐट.

"पोरा, आज तरी त्या गाडीचं काय बोलू नको," कंबर धरून कुशाबा म्हणाले. "पोरगी चांगली हाय. शिकलेली हाय. हिनं हो म्हनलं तर देव पावला."

गाडीबद्दल बोलू नको म्हणजे तोंड उघडू नको म्हणण्यासारखंच होतं. हायवे रुंद झाला त्यात त्यांची जमीन गेली, मोबदला आला, आणि त्या मोबदल्याची ही पिवळी, बसकी, परदेशी गाडी झाली. कंपनीने ती मोठ्या थाटात भारतात आणली होती. लोकांनी पाहिली, तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढले आणि दुसऱ्याच कंपनीची घेतली. देशभरात अवघ्या नऊ खपल्या. दोन वर्षांत कंपनीने गाशा गुंडाळला. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता, विनीतने पेढे वाटले. जे कुणीच घेतलं नाही ते आपण घेतलं, याचा अभिमान बाळगायला माणूस फार वरच्या दर्जाचा मूर्ख असावा लागतो. असे नऊ जण देशात निघाले आणि त्यांनी व्हॉट्सअॅपवर ग्रुपही काढला. त्यावर सकाळी एकमेकांची पाठ थोपटायची आणि दुपारी विचारायचं, कुणाकडे जुना आरसा पडलाय का? विनीतचा डावा आरसा गेल्या पावसाळ्यात फुटला होता. नवा मिळायची सोय उरली नव्हती, म्हणून तो काळ्या चिकटपट्टीने बांधलेला होता. ती पट्टीसुद्धा तो कौतुकाने दाखवायचा.

घरात तेजश्री पोहे घेऊन आली. पोलादपूरच्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासायची. याआधी चार स्थळं येऊन गेली होती. एकाला मंगळ आडवा आला, एकाला तिची नोकरी. दोघांनी कारण कळवायचीही तसदी घेतली नाही. तिचे वडील रामजी तेव्हापासून गावात लोकांना चुकवत फिरायचे. तिला ते बघवत नव्हतं. या वेळी मुलगा कसाही असो, हो म्हणून टाकायचं, असं ठरवूनच ती बाहेर आली होती. आपल्याकडे मुलीला असंच दमवून दमवून राजी करतात आणि मग तिच्या समजूतदारपणाचं कौतुक करतात.

विनीतने पोह्यांकडे पाहिलं नाही. खिशातून गाडीची चावी काढून त्याने टीपॉयवर ठेवली, कंपनीचं चिन्ह वर येईल अशी.

"देशात नऊच आहेत," तो म्हणाला. "आपल्या अख्ख्या रायगडात एकच पीस."

"बाकीच्यांनी का नाही घेतली?" तेजश्रीने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"लायकी लागते. जी गाडी कुणीही उठून घेतो तिला काय व्हॅल्यू? कंपनीने बंद केली ते तर फारच बरं झालं."

"बरोबर हाय," रामजी म्हणाले. मुलीच्या बापाला त्या दिवशी कशालाही मान डोलवावी लागते.

त्या डोलणाऱ्या मानेने विनीतला आणखी चेव आला. तो मागे रेलून बसला.

"तुमची चार ठिकाणी बोलणी फिसकटली म्हणे," तो तेजश्रीला म्हणाला. "राग मानू नका, पण एवढ्या जणांनी नाकारलं म्हणजे काहीतरी डिफेक्ट असणारच ना? आधीच कळलेलं बरं."

कुशाबांनी डोळे मिटले. रामजींची मान खाली गेली. तेजश्रीने ती खाली जाताना पाहिली. ती मान वर राहावी एवढ्यासाठीच ती हो म्हणणार होती. आता तिला राग आला, आणि राग आल्यावर बरं वाटलं.

ती कुशाबांकडे वळली. "काका, तुम्ही पोहे घ्या ना. दमलेले दिसता. यांच्यासाठी फार फिरावं लागलं का हो?"

कुणीतरी मायेने विचारलं आणि म्हातारा विरघळला.

"काय सांगू गो पोरी! तुळशीचं लगीन झालं का आम्ही बाहेर पडतो, ते पाऊस लागंपर्यंत. महाड झालं, पोलादपूर झालं, पार म्हसळ्यापर्यंत जाऊन आलो. हाताची बोटं संपली मोजून. समद्या पोरी नाय म्हनतात. एकीनं पन हो म्हनलं नाय अजून."

"बाबा!" विनीत ओरडला.

तेजश्रीने त्याच्या पुढची पोह्यांची भरलेली बशी उचलली. टीपॉयवरची चावी घेतली आणि ती कुशाबांच्या हातात ठेवली.

"मग घरातच जपून ठेवा यांना, काका," ती म्हणाली. "अख्ख्या रायगडात एकच पीस."