चालता दांडा

चर्चच्या आवारात एकच हापसा, आणि त्या दुष्काळात त्याला पाणी द्यायचं अगदी जिवावर यायचं. दंड भरून येईस्तोवर हापसावं, तेव्हा कुठं करंगळीएवढी धार. हात थांबला की पाणी खाली उतरलंच, मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणून उदगीरच्या त्या बायकांनी रीत पाडली होती. एकीचा हात दमला की दुसरीनं चालता दांडाच धरायचा.

रविवारी उपासनेआधी कमलम्मा हापसत होती. पाळकसाहेब जवळ आले.

"कमलम्मा, आज प्रार्थनेत जरा आवरतं घ्या. देवाला एकदा सांगितलेलं कळतं."

"कळतं तर उठवत का न्हाई माझ्या याकोबला?"

लातूर नवा जिल्हा झाला, बांधकामं निघाली, तिथं कामाला गेलेला याकोब परांचीवरून पडला. तेव्हापासून त्याचे पाय हलत नव्हते. दर रविवारी कमलम्मा सगळ्यांदेखत उभी राहून देवाकडं त्याचे पाय मागायची, मागायची कसली, भांडायचीच. लोक पार कंटाळले होते.

"बया, देवाचे कान किटले असतील," मागं उभी धुरपताबाई म्हणाली आणि तिच्या हातातून दांडा घेतला. "सर. किती दमलीस."

उपासनेत प्रार्थनेची वेळ आली. कमलम्मा उठली.

"प्रभू, मीच हाय. दुसरं कोण येतंय तुझं डोकं खायला? माझ्या पोराच्या पायाचं काय केलंस? मला आजच्या आज..."

आवाजच फुटेना. ओठ नुसते हलले.

"आता न्हाई होत माझ्यानं," असं म्हणून ती मटकन खाली बसली.

पाळकसाहेबांना सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. त्यांनी आमेन म्हणायला तोंड उघडलं.

"थांबा साहेब, आमेन म्हणू नका अजून."

धुरपताबाई उठली होती. घामेजलेले हात तिनं घाईघाईनं पदराला पुसले.

"आजच्या आज सांग, प्रभू. याकोबच्या पायाचं विचारायलीय ती. लई दमली बिचारी, पर आम्ही हाव इथं. आम्ही काय हटत न्हाई."

पुढं तिला सुचेना. तशी शेजारची पारूबाई उठली.