कुटुंबाचा रकाना

माझं अक्षर चांगलं, म्हणून नातवाच्या ऑपरेशनचा फॉर्म सुनेने माझ्यापुढे सरकवला. त्याच्या लघवीचं छिद्र टोकाला नाही, जन्मापासून खालच्या बाजूला आहे. “आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं हो,” असं माझी बायको तिला दोन वर्षं ऐकवत आली, आणि मी पुस्तकात डोकं खुपसून बसलो. ‘कुटुंबात आणखी कुणाला हा दोष होता का?’ या रकान्यापाशी पेन अडलं. “नाही लिहा, बाबा,” सून म्हणाली. “माझंच गरोदरपणात काहीतरी चुकलं असणार.” तिच्या मांडीवर नातू माझ्या चष्म्याच्या घराशी खेळत होता. मी ‘आजोबांना’ असं लिहिलं आणि फॉर्म तिच्यापुढे धरला. तिने तो दोनदा वाचला. ती चिडेल, निदान रडेल, असं मला वाटलं. तिने मुलाला जवळ ओढलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “म्हणजे आईंना माहीत होतं?”