मध्येच सोडलेल्यांची नोंद

जगभरच्या मानसोपचारांचे निष्कर्ष एकत्र करून समुपदेशन केंद्रातल्या यंत्राने यशवंत लोहारांसाठी उपचार निवडला, तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. त्यांच्या बायकोला, कुसुमलाही हाच उपचार दिला होता. सात बैठकांनंतर तिने तो सोडला, जेवण टाकलं आणि महिन्याभरात खंगून वारली.

"काका, शंभरातले ब्याण्णव बरे होतात," समुपदेशक मृणाल म्हणाली.

"त्यात कुसुम आहे?"

"नाही. मध्येच सोडणाऱ्यांना यंत्र हिशेबात धरत नाही."

"म्हणजे नापास पोरांना शाळेतून काढायचं आणि निकाल लावायचा! तिला धर, पोरी. तोवर मी हलत नाही."

कोणी येत नाही ना, म्हणून मृणालने दाराकडे पाहिलं. मग कुसुमची नोंद उघडून 'गुण आला नाही' अशी खूण केली. यंत्राने सगळं पुन्हा जुळवलं. ब्याण्णवच्या पुढे, दशांशातला अगदी शेवटचा आकडा सातावरून सहावर आला.

"एका माणसाने एवढंच होतं, काका."

"पण हललं ना?" यशवंतरावांनी खुर्ची तिच्याशेजारी ओढली. "अशी किती जणं आहेत?"

"आपल्याच केंद्रात तीनशे अकरा. त्यांचं पुढे काय झालं, कोणी विचारलेलं नाही."

"मग लाव पहिल्याला फोन. बोलायचं मी बघतो."