श्रीलंकेखालचं बेट

“हे बेट कुठून आणलंस, ऋजुता?”

ऋजुताने अजून खुर्चीसुद्धा नीट ओढली नव्हती. तिच्या हातात लोणच्याची बरणी होती. “आईने पाठवलंय. परवा मिरजेहून मावशी आली ना, तिच्याबरोबर,” असं म्हणत तिने ती टेबलावर, प्रबंधाला लागून ठेवली.

“अगं, कागदांपासून लांब!” सुलक्षणाताईंनी झडप घालून बरणी उचलली. झाकणावर ‘कैरी – नंदा’ अशी पट्टी चिकटवलेली होती. त्यांनी ती वाचली, बरणी खिडकीत नेऊन ठेवली, टिश्यूने हात पुसले आणि परत येऊन बसल्या. बसल्या न बसल्या तोच उठून केटल लावली.

सकाळपासून त्यांना चैन नव्हतं. लंडनच्या टोकाला असलेल्या एजवेअरच्या घरून येताना ट्रेनमध्ये त्यांनी ते एकच पान सहा वेळा उघडलं होतं. प्रबंध आज पाचपर्यंत सबमिट व्हायचा होता. पोरीची चार वर्षं त्यात होती, पुढचा व्हिसाही त्यावरच लटकलेला. गाईड म्हणून ताईंचा युनिव्हर्सिटीला तक्रारीचा एक ईमेल गेला की दोन्ही खलास. ईमेल लिहून तयार होता, फक्त पाठवला नव्हता.

मुलगी गुणी होती, हाच तर सगळा त्रास होता.

विषय ताईंचाच. जुन्या जपानी नकाशाकारांनी डच नकाशे समोर ठेवून जग नव्याने कसं काढलं, यावर वीस वर्षांपूर्वी त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. त्या पुस्तकाने लंडनची नोकरी दिली, नाव दिलं. दरवर्षी पहिल्या लेक्चरला त्या मुलांना एकच गोष्ट सांगत. जपानी माणसाच्या टेबलावर नेमका कुठला डच नकाशा होता, हे शोधायचंय? मग बरोबर काढलेले किनारे बघू नका, बरोबर ते सगळ्यांचं सारखंच असतं. चुका बघा. डच नकाशात कॅलिफोर्निया चुकून बेट झालं असेल, तर यांच्याकडेही ते बेटच होणार. “अक्कल कुठूनही येते. चूक मात्र आपल्या घरचा पत्ता घेऊन येते,” असं म्हणून त्या हसायच्या आणि मुलं ते वहीत उतरवून घ्यायची.

“मूळ नकाशात श्रीलंकेच्या खाली काही नाही,” त्या आता म्हणाल्या. “नुसतं पाणी. मी जपानला जाऊन या डोळ्यांनी बघितलंय.”

“हो. नाहीच आहे तिथे बेट.”

“मग तुझ्या नकाशात कसं? हे तांदळाच्या दाण्याएवढं?” ताईंनी पानावर नख आपटलं. “जगात हे एकाच ठिकाणी छापलंय. माझ्या पुस्तकात, पान एकशे चौदा.”

“तुमच्याकडून चुकून आलं का ते?”

“मुद्दाम घातलंय. चोर सापडावा म्हणून. आधी दोघं सापडलेत. एकाला लेख मागे घ्यावा लागला, दुसऱ्याने हे क्षेत्रच सोडलं.”

मुद्दाम वगैरे काही नव्हतं. पुस्तक छापून आल्यावर दोन वर्षांनी ते बेट त्यांना पहिल्यांदा दिसलं. नकाशा काढला होता पुण्याहून आणलेल्या एका धूसर झेरॉक्सवरून, आणि ती झेरॉक्स कधीच कचऱ्यात गेली होती. मग कुणीतरी कॉन्फरन्समध्ये विचारलं, तेव्हा ‘मुद्दाम’ हा शब्द सुचला. टाळ्या पडल्या. त्यानंतर त्यांनाही तेच खरं वाटायला लागलं.

केटल उकळून बंद पडली. चहा कुणी केला नाही.

“हे बघ, तो चॅप्टर काढून टाक,” ताई आवाज उतरवून म्हणाल्या. त्यांना खरंच तिची दया येत होती. “मी एक्स्टेंशन मागते. कुणाला काही कळणार नाही. नाहीतर मला ईमेल पाठवावाच लागेल गं. माझा इलाज नाही.”

“नाही काढणार.”

“वेडी आहेस का? घरी जावं लागेल तुला!”

“पाठवा ईमेल, ताई. पण आधी एक दाखवायचंय.” ऋजुताचा आवाज स्थिर होता. “चार वर्षं वाट बघितली मी. म्हटलं, बेट घातलं की तुम्ही विचाराल. दुसऱ्या कुणाच्या लक्षातच आलं नसतं.”

तिने बॅगेतून पुठ्ठ्याची फाइल काढली आणि फाइलमधून एक बटर पेपर. तो पार पिवळा पडला होता, घड्यांवर फाटायला आला होता. तिने तो टेबलावर हलकेच पसरला. पेन्सिलीने ट्रेस केलेली दोन मोठी वर्तुळं, त्यात सगळं जग.

“आईने पुण्याच्या हॉस्टेलवर असताना काढला होता. तिच्या एमएच्या प्रबंधासाठी.”

सुलक्षणाताईंनी चष्मा पुसला, वाकून श्रीलंका शोधली. खाली, बरोबर तिथेच, तांदळाच्या दाण्याएवढा एक तेलकट तांबूस डाग होता. शेजारी निळ्या शाईने, त्या आजही मुलांच्या पेपरांवर लिहीत त्याच तिरक्या अक्षरात, लिहिलेलं होतं:

‘नंदे, तुझा सगळा प्रबंध वाचून काढला, झेरॉक्सही काढून घेतली. त्याआधी नकाशावर लोणचं सांडलं गं माझ्याकडून, रागावू नकोस. तुझी, सुलू.’