हवालदार जिथे बसतो

कुत्रा पुन्हा तिथेच बसला.

प्रयागबाईच्या केळीच्या बागेला पाणी देणारं पाटाचं दार होतं, त्याला लागून एक कडुनिंब होता. त्या सावलीत हवालदाराने दोन गिरक्या घेतल्या, पुढचे पाय पसरले, त्यांवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. जागा सरकारने नेमून दिली असावी तसा.

रमाकांतरावांनी काठी बगलेत धरली आणि मान हलवली. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या कालव्याच्या या टापूत इन्स्पेक्टर म्हणून येऊन त्यांना एक हिवाळा झाला होता. त्यांच्या आधीचे सबनीस खात होते, हे प्रत्येकजण सांगे. त्यांना कोण चारत होतं, हे कोणीच सांगत नसे.

सबनीस पेन्शन घेऊन पुण्याला गेले. तिथल्या घरमालकाला कुत्रा चालत नव्हता, म्हणून म्हातारा हवालदार क्वार्टरच्या ओसरीवरच राहिला. रमाकांतरावांनी एक टेबल, दोन खुर्च्या आणि कुत्रा असा चार्ज घेतला.

सुरुवातीला त्यांचा त्याच्यावरही संशय होता. खाणाऱ्याच्या हातचं खाऊन वाढलेला प्राणी. त्यांनी मुद्दाम त्याच्यापुढे गुळाचा खडा टाकून पाहिला. हवालदाराने तो हुंगला आणि तोंड फिरवलं.

“माणसं संपली वाटतं,” त्यांची बायको श्यामला तांदूळ निवडता निवडता म्हणाली. “आता कुत्र्याची चौकशी.”

“चौकशी नाही. नुसतं पाहतो आहे.”

“पाहा. तोही तुमच्याकडे पाहतोच आहे.”

मग एकदा हवालदार मागचा पाय उचलून लंगडत आला. बाभळीचा काटा खोल गेला होता. रमाकांतरावांनी तो सुईने काढला, हळद-तेल लावलं. कुत्रा कळवळला, पण चावला नाही. त्या दिवसापासून तो त्यांच्या वहाणांवर डोकं ठेवून झोपू लागला, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून ब्रिटिश सरकारचा इन्स्पेक्टर अंगणात अनवाणी हिंडू लागला.

पाटावरच्या फेरीला हवालदार आपणहून पुढे होई. बहुतेक बागा तो न थांबता ओलांडी. मोजक्याच ठिकाणी बसे, आणि बसला की लवकर हलत नसे. म्हणजे सबनीसही तिथे बसत असणार. आणि खाणारा इन्स्पेक्टर कुणाच्या बागेत फुकट बसत नाही. रमाकांतराव तर्कशास्त्र घेऊन बी. ए. झाले होते. पुढचं त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. जिथे जिथे कुत्रा बसला, तिथली पाण्याची पाळी त्यांनी थांबवली.

प्रयागबाई खुरपं घेऊन केळीतून बाहेर आली. नवरा गेल्यापासून बाग एकटीच्या अंगावर होती, आणि बागेखेरीज दुसरं काही नव्हतं.

“सायेब, पानी कवा सोडताय? केळी माना टाकाय लागल्यात.”

“हा कुत्रा इथे का बसतो?”

“सवय हाय त्येला. कैक दुपारी काढल्यात त्यानं हितं.”

“सबनीससाहेबांबरोबर?”

“व्हय तर. त्ये बाजंवर, ह्यो खाली.”

“आणि काय मिळायचं इथे?”

“पानी.”

“ते कुत्र्याला. साहेबांना?”

“त्यास्नीबी पानीच.”

हे तिने इतक्या सरळ तोंडाने सांगितलं, की बाई मुरलेली आहे याबद्दल रमाकांतरावांना शंका उरली नाही.

“चौकशी होईपर्यंत दार बंद राहील.”

“कुनाला इचारनार हाय तुमी? त्या कुत्र्याला?”

“त्याला विचारून झालं,” रमाकांतराव म्हणाले.

पुढच्या बांधावर शेजारचा बागाईतदार गेणबा उभा होता. साहेब दिसले की त्याचा उजवा हात आपसूक पुढे येई, मग घोटाळल्यासारखा थांबे, मग डावा त्याला येऊन मिळे आणि नमस्कार होई. हवालदार त्याच्यासमोरून मानही न वळवता गेला. एवढा निर्मळ माणूस या पाटावर दुसरा नव्हता. प्रयागबाईची पाळी रमाकांतरावांनी त्यालाच देऊन टाकली होती.

“तुमी देवमानूस, सायेब,” गेणबा म्हणाला.

वैशाखात भाचीच्या लग्नाला म्हणून सबनीस बारामतीला आले आणि कुत्र्याला भेटायला क्वार्टरवर डोकावले. हवालदाराने त्यांना हुंगलं, शेपूट हलवली आणि परत येऊन रमाकांतरावांच्या वहाणांवर डोकं ठेवलं. रमाकांतरावांना आनंद झाला. तो त्यांनी दाखवला नाही.

“चला, जुना पाट पाहू,” सबनीस म्हणाले.

प्रयागबाईच्या बागेतली पानं वाळून बुंध्यांना चिकटली होती. घड पोसण्याआधीच काळे पडले होते. ती कोयत्याने एकेक केळ आडवी करत होती. तिने वर पाहिलं, दोन्ही साहेबांना ओळखलं आणि पुन्हा कोयता चालवला.

हवालदार कडुनिंबाखाली गेला आणि बसला.

“अजून बसतोस का रे इथं?” सबनीस हसले.

रमाकांतरावांना राहवलं नाही. “तो बसतो म्हणूनच मला तुमचं सगळं कळलं, सबनीस.”

“कळलं तर कळलं. पेन्शन सुरू झाली, आता लपवू कुणापासून?” सबनीसांनी टोपी काढून कपाळ पुसलं. “पण या बाईनं फार छळलं हो आम्हा दोघांना. त्या बाजेवर अख्खी दुपार बसायचो. आज देईल, उद्या देईल. गुळाची ढेप राहू द्या, केळ्याची एक फणी नाही. तांब्याभर पाणी पुढे ठेवायची आणि खुरपायला निघून जायची. अशी आणखी चार-दोन माणसं होती. त्यांच्या दारात बसून बसून हा म्हातारा झाला.”

कोयत्याचा आवाज येत राहिला.

“आणि जे द्यायचे ते?” रमाकांतरावांनी विचारलं.

सबनीसांनी पुढच्या बांधाकडे पाहिलं. गेणबा उभा होता. त्याचा उजवा हात पुढे आला होता, आणि या वेळी डावा त्याला मिळायला आला नाही.

“ते बांधावरच उभे असायचे. चालता चालता हातात ठेवायचे,” सबनीस म्हणाले. “त्यांच्याकडे थांबायचं कामच पडलं नाही कधी.”