निनावी अर्जाची नक्कल

"एवढ्या अर्जावर सही करा, मधुभाऊ. तुमची चुगली करणाऱ्याचं पत्र आपल्या हातात येईल."

मधु भोपीने पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. "राहू द्या ना, साहेब. कशाला कुणाशी वाकडं?"

वकील हरिचंद्र उबाळेंना ही भीती ओळखीची होती. अंबरनाथच्या एका कारखान्यात बारा वर्षं कारकुनी करता करता त्यांनी कायद्याची परीक्षा दिली आणि १९८४ साली उल्हासनगरात कॅम्प पाचला, बटणांच्या दुकानावरच्या खोलीत पाटी लावली. नोटीस आली की माणूस अर्धा मरतो, त्याला जिवंत करायचं, एवढंच त्यांचं काम. कारण लेखी द्या, कागद दाखवा, म्हणणं ऐकून घ्या, हा करदात्याचा हक्क आहे, असं ते इतक्यांदा म्हणत की आयकर कचेरीतला शिपाईसुद्धा त्यांना पाहिलं की आधी कारण सांगून मग स्टुलावरून उठे.

मधुचं प्रकरण तर अगदीच सरळ होतं. भाड्याच्या गाळ्यात जीन्स शिवायच्या दोन मशिनी, त्यातली एक मेव्हण्याची. राहायला बदलापूरला, शिरगावात दोन खोल्या. आणि निनावी अर्जावरून आलेली आयकराची नोटीस म्हणत होती की या इसमाने लाखोंचं उत्पन्न दडवलं आहे.

"सही करतो," मधु अखेर म्हणाला, "पण तारीख जूनची मागा. पोरीचं, शालनचं लग्न सत्तावीस मेला आहे."

"उलट लग्नाआधीच निकाल लावतो. नोटिशीचं सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर?"

"गेलंय."

"मग? काय म्हणाले?"

"काही नाही." मधु टेबलाकडे बघत राहिला. "चहा घेऊन गेले."

उबाळेंना गलबलून आलं. बिचाऱ्याला बोलताही येत नव्हतं. आता गप्प बसलेले सोयरे ऐन मांडवात तोंड उघडणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी कंबर कसली. चुगलीचं पत्र देता येणार नाही, असं कचेरीने कळवलं. मूळ पत्र ठेवा तुमच्याकडे, नक्कल द्या, असं उबाळेंनी उलट कळवलं. चार पत्रं आणि दोन स्मरणपत्रं झाल्यावर दहा मेची तारीख मिळाली. मग त्यांनी अशिलाला न सांगता एक पोस्टकार्ड शहाडला, मुलाचे वडील बाळाजी तरे यांना टाकलं. 'आपल्या होणाऱ्या व्याह्यांवरचा डाग धुऊन निघणार आहे. तो सोहळा पाहायला अवश्य यावे.'

दहा तारखेला कचेरीतल्या बाकड्यावर बाळाजी तरे इस्त्रीचा सदरा घालून बसलेले दिसले, तशी मधुची बोबडीच वळली.

"या, मधुशेठ," बाळाजींनी सरकून जागा दिली.

आत अधिकाऱ्याने पत्राची नक्कल पुढे केली. उबाळेंनी चष्मा पुसला आणि दारात उभ्या बाळाजींनाही ऐकू जाईल असं वाचलं. "'सदर इसमाकडे चाळीस मशिनी, भिवंडीस गोदाम व अंबरनाथेस दोन फ्लॅट आहेत. एकुलती एक कन्या असून ती मॅट्रिक पास, सुस्वभावी व गृहकृत्यदक्ष आहे. तिच्या अंगावर तो पंचवीस तोळे घालणार आहे.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "आता वस्तुस्थिती पाहू, साहेब."

मग त्यांनी एकेक कागद काढला. गाळ्याची भाडेपावती, तीही चार महिने थकलेली. विजेचं बिल. मधुच्या बायकोच्या, वेणूच्या, पाटल्या गहाण ठेवल्याची चिठ्ठी. मेव्हण्याची चिठ्ठी, की मशीन माझी आहे आणि ती मला परत हवी आहे. वीस मिनिटांत त्यांनी अशिलाच्या घरात चमचासुद्धा शिल्लक ठेवला नाही. अधिकाऱ्याने नोटीस रद्द केल्याचं तिथल्या तिथे लिहून दिलं.

बाहेर आल्यावर मधु जिन्याच्या पायरीवरच बसला.

"आता या पत्रवाल्याला सोडायचा नाही," उबाळे म्हणाले. "अक्षर तपासणाऱ्याकडे देऊ, आणि खोट्या तक्रारीबद्दल कोर्टात खेचू."

"तपासायला नको, साहेब. मीच लिहिलं ते."

उबाळेंच्या काखेतली फाईल घसरली.

"तीन स्थळं घर बघून परत गेली," मधु म्हणाला. "पोरगी कुणी बघितलीच नाही, सगळ्यांनी छपराचे पत्रे बघितले. मी कितीही फुगवून सांगितलं तरी कोण मानतो? सरकारी शिक्का असला की मानतात. नोटीस दाखवली, आणि यांचा होकार आला." बोलता बोलता त्याने मान वळवली. बाळाजी मागच्याच पायरीवर उभे होते.

बाळाजी हळूहळू खाली आले आणि मधुच्या शेजारी टेकले.

"म्हणजे पंचवीस तोळे नाहीत."

"पाचसुद्धा नाहीत."

बाळाजींनी उबाळेंकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला.

"लग्न सत्तावीसलाच करू. पण आमच्या पोरीला, चांगुणेलाही दोन नकार आलेत. तिच्या बापाविरुद्ध असाच एक अर्ज लिहून द्या, मधुशेठ. फ्लॅट तीन टाका."