सासऱ्यांचं नाव

बुरुलायने चहा ओतला, प्याला सासऱ्यांपुढे ठेवला आणि सगळा धीर गोळा करून म्हणाली, "मला एक सांगायचंय. मी त्यांच्या मागे जायचं ठरवलंय."

सासूच्या, म्हणजे उलकानच्या हातातला नानचा तुकडा तोंडाशीच थांबला. मुलगा कामासाठी मॉस्कोत, आणि इथे सून सांगते की ती कुणाच्या तरी मागे निघाली.

"कुणाच्या मागे?"

"त्यांच्या."

"नाव नाही का मेल्याला?"

"आहे, अपा. पण मला घेता येत नाही."

"का? आमच्या ओळखीतला आहे?"

बुरुलायने सासऱ्यांकडे ओझरतं पाहून मान खाली घातली. "नाव अताकेंचंच आहे."

उलकानने सावकाश वळून नवऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने प्याला खाली ठेवला. आयुष्यात त्याने बरेच उपद्व्याप केले होते, पण हा त्यातला नव्हता.

सासऱ्याचं नाव इसा. येशूला किर्गिझमध्ये इसाच म्हणतात, आणि किर्गिझ सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव जीव गेला तरी घेत नाही. चुलत सासऱ्याचं नाव कोयचू, त्यात मेंढीचा 'कोय' आला, म्हणून लग्न झाल्यापासून बुरुलाय मेंढीला 'बें करणारी' म्हणते. प्रार्थनेला जाऊ लागल्यावर गाण्यात ते नाव आलं की ती ओठ मिटून 'हुं' करायची. शेजारच्या बाया डोळे मिटून गाता गाता हिच्यासाठी एक डोळा उघडायच्या. रविवारी नदीवर बाप्तिस्मा होता. पास्टरांची अट साधी होती: आधी घरी सांगायचं, मग पाण्यात उभं राहून चारचौघांत नाव घ्यायचं. चोरून काही नाही. सांगितलं तर घर जाईल या भीतीने तिला झोप लागत नव्हती. पलीकडच्या गल्लीतल्या एका सुनेचं गाठोडं असंच फाटकाबाहेर ठेवलं गेलं होतं. आणि न सांगता तर राहवत नव्हतं.

तिने एप्रनच्या खिशातून पुस्तक काढलं आणि जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवलं. म्हाताऱ्याने वरची अक्षरं वाचली. त्याच्यासारख्या किर्गिझ मुसलमानाच्या लेखी ख्रिस्ती म्हणजे रशियनच.

"अस्सं. रशियनांचा देव. तोही माझ्या नानशेजारी. उचल ते."

"थांबा हो," उलकान म्हणाली. "परका पुरुष नाही हे कळलं, माझा जीव भांड्यात पडला. आता एवढं काय आहे त्यात, ते तरी ऐकू. वाच गं."

बुरुलायने खूण घातलेलं पान उघडलं. एक माणूस फार आजारी होता, तिने वाचलं. त्याच्या बहिणींनी हुं यांना निरोप धाडला. निरोप ऐकून हुं म्हणाले...

"कोण म्हणालं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हुं, अताके."

"हुं कसा बोलेल? नीट वाच."

"नीट कसं वाचू, अताके?"

"मग तू वाच," तो बायकोला म्हणाला.

"मी? एवढा संसार झाला तुमच्याबरोबर, कधी 'अहो'च्या पुढे गेलेय का?"

"दोघीही काही कामाच्या नाहीत. आण इकडे."

त्याने चष्मा लावला आणि चावडीवरची नोटीस वाचावी तशा खणखणीत आवाजात सुरुवात केली. इसाला निरोप पोचला. इसा लगेच निघाला नाही. तो गावात आला तोवर मेलेल्याला पुरून चार दिवस झाले होते.

"चार दिवस?" उलकान म्हणाली. "एवढं कसलं काम होतं?"

"वाट लांब असेल." आपल्यावरच आळ आल्यासारखा म्हाताऱ्याचा आवाज चढला. "पायी यायचं असतं माणसाला."

पुढे वाचता वाचता तो थांबला. मेलेल्याच्या घरची माणसं भेटली आणि इसा रडला, असं तिथे होतं.

"बघ," तो म्हणाला. किर्गिझांत मयताच्या घरी जाताना पुरुष गल्लीच्या तोंडापासूनच मोठ्याने रडत जातो. जो मुकाट शिरतो, त्याला लोक वर्षभर नावं ठेवतात. "चांगल्या घरातला दिसतो. रीत माहीत आहे. रशियन नव्हे हा."

मग त्याने पुढचं वाचलं. इसाने कबरीपाशी उभं राहून हाक मारली आणि मेलेला माणूस कफनासकट चालत बाहेर आला.

 म्हाताऱ्याने तेवढा भाग पुन्हा मनातल्या मनात वाचला. चष्मा काढून त्याने सुनेला विचारलं, "उठवायचंच होतं, तर आधी रडला कशाला?"

बुरुलायने उत्तरं पाठ करून ठेवली होती. बापजाद्यांचा धर्म का सोडला, लोक काय म्हणतील, मेल्यावर कुठे पुरायचं. हा प्रश्न त्यांत नव्हता. तिचेच डोळे भरून आले.

"बहिणी रडत होत्या ना," उलकान म्हणाली.

 म्हाताऱ्याने पुस्तक मिटून ते नानपासून जरा लांब ठेवलं, पण दस्तरखानावरच.

"रविवारी किती वाजता आहे ते?"

"सकाळी दहाला, अताके."

"मी येईन. पाण्यात उतरणार नाही, आधीच सांगतो. काठावर बसेन."

"तुम्ही कशाला?" उलकानने विचारलं.

"तो पास्टर नाव विचारणार, ही नदीत उभी राहून हुं करणार आणि सगळं गाव हसणार. नाव मी सांगतो काठावरून. हिने नुसती मान हलवावी."